पानावरचा आडवा हात

एकदा एका आचार्यांच्या यंत्रशाळेत एका शिष्याने पंगतीत वाढणारा यंत्रमानव घडवला. दुसऱ्या दिवशी तो गावातल्या वृद्धाश्रमात सेवेला जायचा होता.

पाहुण्याचा 'नको' आपल्याकडे कोणी खरा मानत नाही. त्याने पानावर हात आडवा धरावा आणि यजमानाने बोटांच्या फटीतून जिलबी सोडावी, ही आपली लाडकी रीत. शिष्य मनाने प्रेमळ होता. आश्रमातली माणसे संकोचाने अर्धपोटी उठतात, हे त्याने पाहिले होते. म्हणून त्याने यंत्राला आज्ञा दिली, "कितीही नको म्हटले तरी वाढ."

परीक्षेसाठी आचार्य स्वतः पानावर बसले. यंत्राने अदबीने वाकून भात वाढला. मग उकळती आमटी आली. आचार्यांनी "नको" म्हणत पानावर हात आडवा धरला.

"घ्या हो, थोडीशी," यंत्र गोड आवाजात म्हणाले आणि त्याने पळी त्या हातावर ओतली.

आचार्यांचा हात लालबुंद झाला, तरी त्यांनी तो हलवला नाही. यंत्र दुसरी पळी भरू लागले, तेव्हा कुठे शिष्य भानावर आला आणि धावत जाऊन त्याने ते बंद केले.

आचार्यांच्या हातावर गार पाणी ओतत त्याने विचारले, "हात का नाही काढलात?"

"उद्या ज्यांना हा वाढणार, त्यांच्यापैकी कितींना हात चटकन काढता येतो?"

"पण आचार्य, माझी आज्ञा तर चांगली होती."

"म्हणूनच मला भीती वाटली. वाईट आज्ञेला कोणीतरी अडवतो. चांगल्या आज्ञेच्या आड कोणी येत नाही. आग्रह आपणही करतो, पण आपली नजर पाहुण्याच्या चेहऱ्यावर असते. याला चेहरा कळत नाही. मग माणसाचा आडवा हात तुझ्या आज्ञेहून मोठा, हे त्याला कोणी शिकवायचे? वाढायला नंतर शिकव. आधी थांबायला शिकव."

यंत्राचे आश्रमात जाणे लांबले. काही आठवड्यांनी शिष्य ते पुन्हा घेऊन आला. वाढायच्या बादलीत त्याने परीक्षेसाठी गार पाणी भरले होते. आचार्यांनी ते ओतून दिले, उकळती आमटी भरली आणि शिष्यापुढे पान मांडले.

"पहिला हात माझा होता. आता तुझा धर. म्हाताऱ्यांचा त्यानंतर."

शिष्याने हात पुढे केला, पळीतून निघणाऱ्या वाफेकडे पाहिले आणि हात मागे घेतला.

"अजून थोडे दिवस द्या, आचार्य," तो हळूच म्हणाला.

आचार्यांनी भाजलेल्या हाताने पान उचलून ठेवले. त्या दिवसापासून त्या यंत्रशाळेत एक नियम झाला. ज्या पळीखाली घडवणाऱ्याला आपला हात धरवत नाही, ती दुसऱ्याच्या पानापुढे न्यायची नाही.