एका अंगानं झिजलेली मोहर

सरका जरा, मला पाय लांब करू द्या. आणि कुणाला पाणी प्यायचं असेल तर आत्ताच पिऊन घ्या, मध्ये उठायचं नाही.

तर एक होती सून. राजापण आहे गोष्टीत, पण तो आपला लांब राजधानीत बसलेला असतो, त्याचं फारसं काम नाही. काम आहे ते सुनेचं. तिचं नाव गोजरा. डोंगराच्या पायथ्याशी हिरडवाडी नावाचं गाव होतं, तिथल्या सुभानाची ती बायको. गोजराला आईबाप नव्हते. मामानं वाढवली, मामानंच लग्न लावून दिलं, आणि लग्नाचा मांडव उतरतोय न उतरतोय तोवर मामा घर विकून परमुलखात निघून गेला. त्यामुळे माहेर असं तिला काही उरलंच नाही. होतं ते एवढंच, हिरडवाडी.

सासूचं नाव ठमाबाई. ठमाबाईच्या कमरेला सदा एक चंची असायची. निजतानाही ती सोडायची नाही. एकदा सकाळी ठमाबाई अंगणात ऊन खात बसली आणि बसल्या बसल्याच गेली. वय झालं होतं. कुणाला काही सांगायला वेळ मिळाला नाही. मग दिवसवार झाले, पाहुणे परतले, आणि गोजरानं सासूचं गाठोडं आवरायला घेतलं. दोन लुगडी, एक फणी, आणि ती चंची. चंचीत सुपारी असेल म्हणून उघडली, तर आत एक मोहर. सोन्याची, बरं का.

पण मोहर तरी कसली. एका अंगानं इतकी झिजलेली की तिला गोल म्हणायची सोय नव्हती. कुणीतरी अर्धी खाऊन ठेवलेली पोळी असते ना, तशी. राजाचं नाव गेलेलं, साल गेलेलं. कडेला एक चंद्र तेवढा शिल्लक होता आणि त्याच्याखाली पाखराच्या पायासारखं काहीतरी. सुभाना म्हणाला, मोडून टाकू, अजून एक बैल घेऊ. गोजरा म्हणाली, आधी ही कुणाची, कुठली ते कळू दे. सासूनं जी वस्तू जन्मभर कमरेला बांधली, ती काय आहे हे कळल्याशिवाय मोडायची कशी? सासूवर तिची माया होती. माहेर नसलेल्या पोरीला ठमाबाई कधी टोचून बोलली नव्हती.

मग गोजरा गेली सोनाराकडे. सोनारानं मोहर कसोटीच्या दगडावर घासली, रेघ पाहिली आणि म्हणाला, सोनं अगदी अस्सल. मग ती उलटीसुलटी केली आणि त्याचा चेहरा उतरला. हातोहात फिरून नाणं झिजतं ते सगळीकडून झिजतं, ही एकाच बाजूनं दगडावर घासलीय, म्हणाला. तू इथं आली होतीस हे कुणाला सांगू नकोस.

मग गोजरा गेली देवीच्या गुरवाकडे. गुरवानं मोहर कपाळाला लावली आणि सांगितलं, ही देवीची आहे, पेटीत टाक. कशावरून, असं गोजरानं विचारलं. चंद्रावरून, म्हणाला. तसा चंद्र तर सगळ्यांचाच असतो. गोजरानं मोहर पदराला बांधली आणि दोन दिवसांची वाट चालून राजधानीत गेली.

तिथं होते नागोपंत. राजाच्या खजिन्यात येणारी सगळी नाणी हे पारखायचे. माणूस इमानी, पण असा कोरडा की त्यांच्या घरच्या मांजरालासुद्धा त्यांनी कधी हाक मारली नसेल. पंतांनी मोहर भिंगाखाली धरली. मग दुसरं भिंग घेतलं, मग तिसरं. शेवटी म्हणाले, कुठल्या राजाची ते ओळखू येत नाही, पण हिच्यातलं अर्ध्याहून जास्त सोनं कुणीतरी घासून काढलंय. आणि राजाचा कायदा होता, मोहरेचं काढलेलं सोनं ज्याच्यापाशी सापडेल त्यानं नेसत्या वस्त्रानिशी राज्य सोडून जायचं. पुन्हा पाऊल ठेवायचं नाही.

आता ऐका, इथून पुढे गंमत आहे. पंतांपाशी एक तराजू होता. साधासुधा नव्हे. झिजलेलं नाणं एका पारड्यात ठेवायचं, दुसरं रिकामं सोडायचं. मग त्या नाण्यातून गेलेलं सोनं जर समोर उभ्या असलेल्या माणसापाशी असेल, तर ते रिकामं पारडं आपोआप खाली जायचं. जसं काही ते सोनंच कुणी त्यात आणून ठेवलंय. पंतांनी गोजराला तराजूसमोर उभं केलं. पारडं हललं नाही. पंत म्हणाले, तू सुटलीस. पण सोनं गेलंय, ते कुठंतरी असणारच. चल, तुझं गाव दाखव.

झालं. तराजू निघाला पालखीतून आणि पंत निघाले बैलगाडीतून, बरोबर शिपाई. गोजरा मागून चालत. मी विचारायला गेले नसते तर हे झालंच नसतं, असं तिला पावलागणिक वाटत होतं.

हिरडवाडीत आल्यावर पंत पहिल्यांदा शिरले गोजराच्याच घरात. तराजू टांगला, मोहर पारड्यात ठेवली. सुभाना बैलांना पाणी दाखवून आत आला मात्र, रिकामं पारडं खाली गेलं. शिपायांनी सुभानाचे खिसे उलटे केले, घराची जमीन उकरली, उतरंडीची मडकी पालथी केली. सोन्याचा कण नाही. मग दुसरं घर. ते होतं एका पैलवानाचं. तो दारात उभा राहिला आणि पारडं खाली. त्याच्या अंगावर तर लंगोटाशिवाय काही नव्हतं, शोधणार कुठं? मग तिसरं घर. तिथं पाळण्यात सहा महिन्यांचं तान्हं होतं. तराजू जवळ नेला तर पारडं असं खाली गेलं की जमिनीलाच टेकलं. बाळ हसलं. पंत म्हणाले, लहान आहे, पण याच्यापाशी आहे.

असं करत करत गाव संपलं. बिनदातांच्या म्हाताऱ्यांपासून परकरातल्या पोरींपर्यंत पारडं खाली जातच होतं. गुरवासाठीसुद्धा गेलं. पंतांनी उभ्या जन्मात असलं गाव पाहिलं नव्हतं. पण कायदा तो कायदा. ते चावडीपुढे उभे राहिले आणि त्यांनी सांगून टाकलं, ज्यांच्यासाठी पारडं खाली गेलं त्यांनी या अंगाला उभं राहायचं, त्यांनी उद्या उन्हं चढायच्या आत गाव सोडायचं. ज्यांच्यासाठी गेलं नाही त्यांनी त्या अंगाला, ते राहतील.

लोक रडत नव्हते, ओरडत नव्हते. इतकं मोठं काही अंगावर आलं की माणसांना सुचतच नाही. फक्त कुणीतरी पुटपुटलं, गोजरानं गाव बुडवलं. ते गोजरानं ऐकलं. सुभाना या अंगाला उभा होता, गोजरा त्या अंगाला. एकच घर होतं तिला, आणि ते उद्या रिकामं होणार होतं.

आता तिनं आपल्या अंगाला कोण कोण उभं आहे ते पाहिलं. सगळ्या बायकाच. तान्ह्या बाळाची आई, पैलवानाची बायको, गुरवीण. आणि टोकाला काठी टेकून बनाआजी, गावातली सगळ्यात म्हातारी बाई. एकूणएक लग्न करून या गावात आलेल्या. सुना, बरं का, सगळ्या सुना. आणि पलीकडे जे उभे होते ते सगळे याच मातीत रांगलेले. गोजराच्या मनात आलं, इथं रांगलेल्यांना असं काय मिळालं, जे मागाहून आलेल्यांना मिळालं नाही?

आणि मग तिला कळलं. थांबा, एक सांगायचं राहिलंच. म्हातारी झाले, राहतं. अहो, गावातल्या सगळ्या तान्ह्या बाळांची गुटी ठमाबाई उगाळायची. रोज सकाळी आया आपापली बाळं घेऊन तिच्या ओसरीवर यायच्या. सहाणेवर वेखंड, हिरडा, जायफळ, खारीक, एकेकाचे दोन दोन वळसे. पण गुटी उगाळताना कुणाची नजर पडू नये म्हणतात. म्हणून ठमाबाई सगळ्यांकडे पाठ करून, वरून पदर घेऊन उगाळायची. तिच्या आधी तिची सासू तशीच उगाळायची, आणि तिची सासूही तशीच. पदराखाली काय काय असतं ते कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

गोजरा धावत घरी गेली आणि सासूची सहाण घेऊन आली. सहाणेच्या मधोमध एक खोलगट जागा होती. पारड्यातली मोहर उचलून तिनं तिची झिजलेली कड त्या जागी ठेवली, तर ती नेमकी बसली. मग ती पंतांना म्हणाली, सोनं कुणी चोरलं नाही, बाळांच्या पोटात गेलं.

पंतांनी वाकून पाहिलं. मग म्हणाले, "जागा जुळते, पण एवढ्यावर मी मानणार नाही. ज्याच्यासाठी पारडं हललं नाही अशा कुणीतरी ही उगाळून चाटली पाहिजे, आणि मग पारडं खाली गेलं पाहिजे. पण आधीच सांगतो. जी चाटेल, तिच्यापाशी मोहरेचं सोनं सापडलं असंच मी धरीन. मग तिलाही जावं लागेल."

सगळ्या सुना एकमेकींकडे पाहू लागल्या. गोजरानं काही पाहिलं नाही. तिनं सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकले, सगळ्यांकडे पाठ केली, डोक्यावरून पदर ओढला आणि मोहरेचे तीन वळसे दिले. बोटानं ते पाणी निपटलं आणि चाटलं. मोहर परत पारड्यात ठेवली आणि तराजूसमोर उभी राहिली.

पारडं हललं नाही. पंतांनी वाट पाहिली. पलीकडे सुभानानं डोळे मिटून घेतले. आणि मग ते पारडं हळूहळू, अगदी हळूहळू खाली गेलं आणि थांबलं.

गोजरा त्या अंगावरून निघाली ती या अंगाला येऊन सुभानाच्या शेजारी उभी राहिली. म्हणाली, "आता ह्यांना घालवायचं, तर मला बी घालवा."

तेवढ्यात काठीचा आवाज आला. बनाआजी सहाणेपाशी आली आणि खाली बसली. गुडघे धरूनच बसली. "गोजरे, मला बी दे गं एक थेंब," म्हणाली. "सत्तर वर्सं या गावात भाकऱ्या थापल्या, पण त्या पारड्याला माझा काय पत्ता न्हाई."

गोजरानं तिला चाटवलं. बनाआजी कडू तोंड करून या अंगाला आली. मग बाळाची आई आली, मग पैलवानाची बायको, मग गुरवीण, मग एकामागून एक सगळ्या. नागोपंतांच्या देखत, राजाच्या कायद्याच्या देखत, मोहर झिजत होती, आणि पंत नुसते बघत होते. शेवटी या अंगाला सगळं गाव आणि त्या अंगाला एकटे पंत, असं झालं.

पंतांनी कितीतरी वेळ मोहरेकडे पाहिलं. मग ती गोजराच्या हातावर ठेवली. तराजू आवरला आणि गाडीत बसले. राजधानीत जाऊन त्यांनी राजाला सांगितलं, "मोहर ओळखली, महाराज. कुणा राजाची ते आता सांगता येणार नाही. पण ती हिरडवाडीची गुटी आहे. जिथं लागायला हवं तिथंच सोनं लागलंय." राजा म्हणाला, मग झालं तर. कोरडी माणसं खोटं बोलत नाहीत, एवढं त्याला ठाऊक होतं.

आणि इकडे हिरडवाडीत काय झालं? दुसऱ्या दिवशी सकाळी गोजरा अंगण झाडत होती. तेवढ्यात ती बाळाची आई आली. तिनं बाळ गोजराच्या मांडीवर ठेवलं आणि आपण नजर पडू नये म्हणून तोंड फिरवून उभी राहिली. आपलं लेकरू कुणाच्या हाती देऊन तोंड फिरवायचं म्हणजे केवढा विश्वास लागतो, ते तुम्हाला मोठं झाल्यावर कळेल. गोजराला कळलं. तिला रडू आलं, आणि रडता रडता ती वेखंड उगाळत राहिली.

पुढे तिला पोरं झाली, त्यांना सुना आल्या. बाहेरून आलेल्या सुनेला पहिल्या दिवशी एक थेंब चाटवायची रीतच पडली गावात. सगळी माणसं खाऊनपिऊन सुखात राहिली.

काय? मोहर संपली तर? संपेलच की. हरभऱ्याच्या डाळीएवढी उरली असेल आता. संपली की दुसरी कुणीतरी आणील. तुम्ही नका काळजी करू. पांघरूण घ्या आणि निजा.