सोन्याची वेणी आणि खरं न्हाण

एका राज्यात न्हाणाचा मोठा मान होता. राजा असो की रखवालदार, डोक्यावर पाणी पडण्याआधी न्हाणाऱ्यानं विचारायचं, "यात काय आहे?" आणि न्हाऊ घालणाऱ्यानं एकेक जिन्नस नाव घेऊन सांगायचा. नाव घेतलेला जिन्नस गुण देई, न घेतलेला रुसून बसे. तिथली झाडं बोलत, पक्षी बोलत, मग पानाफळांचाही मानपान असायचाच.

त्या राज्याचा राजा धैर्यकेतू, राणी कुमुद्वती आणि त्यांची एकुलती एक लेक सुवर्चला. राणी लेकीला आपल्या हातानं न्हाऊ घाली. शिकेकाई, रिठा, आवळा, लोखंडी कढईत उकळून केलेलं काळपट पाणी. फेस येई तो नावापुरता, आणि डोळ्यांत गेलं की आग होई. त्याच पाण्यानं राजकन्येचे केस गुडघ्याला टेकले होते, पण तिला त्याचं काही नव्हतं. ती दर वेळी नाक मुरडी आणि राणी दर वेळी पदरानं तिचे डोळे टिपी.

एके दिवशी मायाधर नावाचा मांत्रिक दरबारात आला. त्याच्या हातात स्फटिकाची कुपी. झाकण काढताच दरबारभर मोगरा दरवळला. एक थेंब पाण्यात टाकला, तर परात भरून फेस वर आला आणि गालिच्यावर सांडला.

"यानं केस सोन्यासारखे होतात," मायाधर म्हणाला.

राणीनं लेकीला रीतीची आठवण करून दिली. पण सुवर्चलेचे डोळे त्या फेसावर. इतका फेस येतो त्याला काय विचारायचं, असं म्हणून तिनं सारी कुपी डोक्यावर रिकामी केली.

केस सोन्यासारखे नाही झाले, सोन्याचेच होऊ लागले. आधी टोकं, मग हळूहळू वर. राजा हरखला, दरबारानं तोंडात बोटं घातली, कवींना बसल्या जागी काम मिळालं. पण सोनं म्हटलं की वजन आलं. वेणी रोज जड होऊ लागली आणि राजकन्येची मान वाकेनाशी झाली. ताटातला घास दिसेना, आईच्या पायांवर डोकं ठेवता येईना. कात्र्या मोडल्या, तलवारींच्या धारा गेल्या, सोन्याची बट काही तुटली नाही.

मायाधर पुन्हा आला तो हसतच. "सोनं मुळांशी पोचलं की राजकन्या नखशिखान्त सोन्याची होईल," तो म्हणाला. "मग ती माझी. माझ्या दालनात अशा पुष्कळ मूर्ती आहेत." शिपाई धावले, पण तो धूर होऊन खिडकीतून निघून गेला. राजाच्या पायांखालची जमीन सरकली.

तेवढ्यात बागेच्या कुंपणावर भारद्वाज पक्षी येऊन बसला. लाल डोळ्यांनी राजकन्येकडे पाहत म्हणाला, "राजकन्ये, विचारायचं राहिलं, ते आता विचार. तिन्ही जिन्नस आपल्या हातानं आण. प्रत्येकाला तीनदा विचार. खरा असेल, तो तीनदा तेच सांगेल."

सुवर्चलेनं जड वेणी पाठीशी बांधली आणि भारद्वाजामागून ती अरण्यात निघाली.

पहिली भेटली शिकेकाईची वेल. "तुझ्यात काय आहे?" राजकन्येनं विचारलं.

"अंगावर काटे आहेत," वेल म्हणाली. "शेंगांत मळ काढायचा गुण आहे. डोळ्यांत गेले तर झोंबेन."

तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर. आपलं उणं आधी सांगणारं असं कुणी राजकन्येला आजवर भेटलं नव्हतं. तिला त्या वेलीचा मनापासून आदर वाटला. शेंगा तोडताना बोटांत काटे रुतले, रक्ताचे थेंब शेंगांवर पडले. तिनं बोटं मुठीत लपवली, वेलीला नमस्कार केला आणि ती पुढे गेली.

दुसरा भेटला रिठ्याचा वृक्ष. तो म्हणाला, "माझ्यात फेस आहे, पण थोडा. काळं बी काढून टाक, साल घे." तीनदा तेच म्हणाला. तिनं ओढ्यात साल चोळून पाहिली. हलका, पांढरा फेस आला. तेवढाच पुरे होता, आणि तेवढ्यासाठी तिनं त्याचे आभार मानले.

तिसरा आवळा. झाड असं लगडलेलं की डोळे दिपावेत. फळं मोठी, तुकतुकीत, एकावर डाग नाही.

"तुझ्यात काय आहे?"

"तुला हवं ते सगळं."

पुन्हा विचारलं, तर म्हणालं, "रूप, रंग, सुगंध." तिसऱ्यांदा विचारलं, तर म्हणालं, "विचारतेस कशाला? विश्वास ठेव."

सुवर्चलेला आईची आठवण झाली. लहानपणी आई तिला आवळा चावायला लावी आणि वर पाणी पाजी. ते पाणी गोड लागे. तिनं एक फळ चावलं, ओढ्याचं पाणी प्यायली. पाणी कडूजहर.

"तू आवळा नाहीस," ती म्हणाली.

प्रश्न एक, उत्तरं तीन. तिथल्या तिथं मायाधराची माया त्याच्यावरच उलटली. झाडाच्या रूपात तोच उभा होता, तो तसाच जमिनीत रुतला, आणि त्याची वाचा गेली. त्याच्या मागे एक बुटका आवळा होता, फळं लहान आणि डागाळलेली. "मी तुरट आहे, वर पाणी पी," तो तीनदा म्हणाला. ती प्यायली. पाणी इतकं गोड लागलं की राजकन्या तिथंच बसून रडली.

परतली तेव्हा सोनं कानांपर्यंत चढलं होतं. राणीनं कढई चढवली, स्वतः ढवळली, लेकीला चौरंगावर बसवलं.

"आईसाहेब, यात काय आहे?" सुवर्चलेनं विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला उत्तर ऐकायचं होतं.

"शिकेकाई, रिठा, आवळा," राणी म्हणाली आणि तिनं पाणी घातलं. सोनं जागचं हललं नाही.

"नावं अपुरी आहेत," कुंपणावरून भारद्वाज म्हणाला.

सुवर्चलेनं मूठ उघडली. "शेंगांवर माझं रक्त सांडलं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

राणीनं रक्ताचं नाव घेऊन दुसरा तांब्या घातला. कानांपासून कमरेपर्यंत केस काळेभोर झाले, खाली मात्र सोनं तसंच. राणीनं तांब्या खाली ठेवला.

"ढवळताना माझे डोळे गळत होते," ती म्हणाली. "यात माझं आसूही आहे."

तिसरा तांब्या पडला आणि उरलेलं सोनं पाणी होऊन मोरीतून वाहू लागलं. खजिनदार परात घेऊन धावत आला, राजानं त्याला परातीसकट परत पाठवलं. कढईत उरलेलं पाणी भारद्वाजामागून मायाधराच्या दालनात नेऊन शिंपडलं, तशा तिथल्या साऱ्या मूर्ती डोळे चोळत उठल्या आणि आपापल्या घरी गेल्या.

सुवर्चलेची मान वाकली. तिनं ओलं डोकं आईच्या पायांवर ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललं नाही.

"झोंबतंय का?" राणीनं विचारलं.

"झोंबतंय, आईसाहेब," ती म्हणाली, आणि राणीनं पदरानं तिचे डोळे टिपले.

सुवर्चलेची मान जशी हलकी झाली, तशी ऐकणाऱ्यांचीही होवो.