भिमीने काठ धरला

आधीच कबूल करते, ही गोष्ट माझ्या मूर्खपणामुळे घडली. कोळंबी सोलताना तिचा काटा बोटात गेला आणि मी तो बांगडीतल्या सेफ्टी पिनने उकरून काढला. त्याच पिनने सकाळी गॅसच्या बर्नरची भोकं साफ केली होती.

तर त्या बोटात रक्ताचा एक ओढा होता, आणि ओढ्यातून भिमी नावाची एक पांढरी पेशी वाहत चालली होती. वय दहा तास. त्यांच्यात हे लग्नाचं वय समजा. जंतू मारायचे, हे तिचं काम. पण त्यासाठी आधी काठ, म्हणजे रक्तवाहिनीची भिंत, धरून थांबावं लागतं. भिमीच्या अंगभर बारीक हात होते आणि तिने सगळ्या मुठी घट्ट मिटलेल्या. भलत्याच जागी धरलं तर वाट तुंबेल, चांगल्या भागाचं वाटोळं होईल, याची तिला फार धास्ती.

काट्याच्या जागी काठाने आपले हात बाहेर काढले. एक हात भिमीला लागला. ती दचकली आणि सुटून पुढे गेली. सगळं अंग फिरून परत आली, परत सुटली. असं कितीदा तरी झालं. बोट लाल झालं, मग टम्म सुजलं.

शेजारून वाहणारी यमुआक्का, वय वीस तास, म्हणाली, "भिमे, किती फेऱ्या मारशील?"

"चुकीच्या जागी धरलं तर, आक्का?"

"म्हणून तर काठ आपल्याला आधी सैल धरतो. लोळत जा, चाचपत जा. गरज आहे की नाही ते कळतं. मग मूठ उघड."

"आणि नाहीच उघडली तर?"

"तर बाईंचं बोट जाईल. आणि आपणही संध्याकाळपर्यंतच आहोत."

पुढच्या फेरीला काठाचा हात लागला. भिमी थरथरली, पण सुटली नाही. लोळली, हळू झाली. काठावर जंतूंची खूण तिच्या हाताला लागली. तिने सगळ्या मुठी उघडल्या आणि काठ धरला. मागून लाल पेशी धक्के देत होत्या, "बाई, वाटेतून सरा." ती हलली नाही. मग अंग चोरून फटीतून आत शिरली. तिच्यामागे आक्का, आक्कामागे शेकडो.

परत कोणीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टर कुलावकर बाईंनी बोटातला पू काढला. त्यात त्या सगळ्या होत्या. बोट वाचलं.

तात्पर्य: चुकायची भीती वाटत असेल तर आधी चाचपून पाहावं, पण गरज खरी आहे हे कळल्यावर मूठ मिटून पुढे जाऊ नये.

हे सगळं मी डोळे पुसत डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचंय. कुठल्या दंडावर देऊ?"