टपावरच्या पेटीची परीक्षा

कड्यावर अडकलेल्यांना दोर लावून खाली आणणाऱ्या पथकाची म्होरकी इंदुमती डुबल गाडीच्या टपावर बसवायची पेटी घ्यायला गेली, आणि दुकानात शिरताच तिचं डोकं फिरलं. विचारत होती ती, पण मालक गुगळेशेठ उत्तरं देत होते तिच्या नवऱ्याला.

"झाकणातून पाणी आत गेलं तर? भिजलेला दोर दगा देतो," ती म्हणाली.

शेठ नवऱ्याकडे बघून हसले. "साहेब, बायकांना भारी शंका! एक थेंब आत जायचा नाही. वहिनींना रंग निवडू द्या."

"अहो, पथक तिचं. मी नुसती गाडी चालवतो," नवरा पुटपुटला.

इंदुमतीची कानशिलं तापली, पण तिने आवाज चढवला नाही. "शेठ, आमच्यात रीत आहे. ज्याने दोर बांधला, त्यानेच आधी त्याला लटकायचं. पेटीची खात्री तुम्ही देताय ना? मग तुमचा फोन आत ठेवा. शेजारी गाड्या धुतात, त्यांच्या पाइपने मी पाणी मारते. फोन कोरडा निघाला, की पेटी घेतली!"

शेठचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. सगळी गिऱ्हाइकं बघत होती.

"पण वहिनी," पहिल्यांदाच तिच्याकडे बघत ते म्हणाले, "पाणी आत गेलं तर?"

"हेच मी मघाशी विचारलं, तेव्हा तुम्ही हसलात!" इंदुमती कडाडली. "तुमच्या फोनवर तुम्ही नुसतं बोलता, शेठ. माझ्या दोराला माणसं लटकतात!"