ग्रहणात गडावर गेलेली सुईण

एका राज्यात राजा शूर होता, प्रजा सुखी होती, आणि पंचांगात पाहिल्याशिवाय दोघेही शिंकत नसत. शेजारच्या रौद्रसेन राजाशी त्यांचे तीन वर्षे युद्ध चालले होते. रौद्रसेनाच्या पदरी कपालगिरी नावाचा मांत्रिक होता. तो अंगठ्याच्या नखाला काजळ लावून त्यात पाही आणि सांगे, "उद्या अमुक घटकेला शत्रूचा हेर येईल." हेर नेमका तेव्हाच येई आणि वेशीवर पकडला जाई. मग कपालगिरी चिमूटभर भस्म टाकून त्याची साळुंकी करी. अशा सात हेरांच्या सात साळुंक्या झाल्या. सातवा होता सुभानराव, अंबू सुईणीचा नवरा.

अंबूचे नवऱ्याशी रोज भांडण होई. पण भांडायलाही माणूस लागतो. ती तीन दिवस रडली. चौथ्या दिवशी गडावरचा एक कावळा परसात आला, दहीभात मागून घेतला, चोच पुसली आणि म्हणाला, "बाई, येत्या अमावास्येला सूर्यग्रहण आहे. ते सुटेपर्यंत नवरा माणूस झाला नाही, तर जन्मभर किडे खाईल. कामं तीन. गडात शिर. नवऱ्याला नावानं हाक मार, म्हणजे त्याला वाचा फुटेल. मात्र साळुंकीला खोटं बोलता येत नाही. आणि मांत्रिक ग्रहणभर मौन धरतो, ते ग्रहण सुटायच्या आत मोड. मौन मोडलं की त्याची विद्या गेली."

अंबू दरबारात गेली. राजा म्हणाला, "अवश्य जा. जोशीबुवा, मुहूर्त काढा."

"महाराज, आधीच्या सातांना मुहूर्त काढला होता?"

"उत्तमातला उत्तम!" जोशीबुवा म्हणाले.

"आणि रौद्रसेनाकडे पंचांग कोणतं?"

"हेच. आकाश काय दोन आहेत?"

अंबूने कपाळावर हात मारला. एवढ्या शहाण्यांच्या दरबारात दुसऱ्या कुणाचा हात जागचा हलला नाही. "मग मला सगळ्यांत वाईट वेळ काढून द्या," ती म्हणाली. "अशी निघते, की ग्रहण लागताना गडावर पोचेन."

"अगं, ग्रहणात कुणी उंबरा ओलांडत नाही!"

"पोरं मुहूर्त पाहून जन्मत नाहीत, बुवा. तुमचा धाकटा भर राहुकाळात झाला. मला बोलवायला धावत आलात, ते काय पाहून?"

जोशीबुवांनी निमूटपणे वाईट वेळ काढून दिली.

ऐन दुपारी सूर्य काळवंडला तेव्हा अंबू गडाच्या दाराशी होती. पहारेकरी भाले टाकून देवळात जपाला बसले होते आणि दार सताड उघडे होते. ती आत गेली. मधल्या तळ्यात रौद्रसेन आणि कपालगिरी कमरेइतक्या पाण्यात मौन धरून उभे होते. काठावरच्या झाडाला, पाण्यावर झुकलेल्या फांदीला, सात पिंजरे टांगलेले होते. कपालगिरीने तिला पाहिले, डोळे वटारले, दोन्ही हात हलवले. पण तोंड उघडले नाही.

आता नावाने हाक मारायची. अंबूने बारा वर्षांच्या संसारात नवऱ्याचे नाव कधी घेतले नव्हते. शेवटी पदर डोक्यावर घेऊन तिने उखाणाच घातला:

"सूर्याला लागलं ग्रहण, दुपारी झाला अंधार,
सुभानरावांवाचून सुना माझा संसार."

सातव्या पिंजऱ्यातली साळुंकी फडफडली. "किती उशीर! आणि जाड झालीस."

"ते घरी पाहू. आधी सांगा, या मांत्रिकाला नखात काय दिसतं?"

"काजळ दिसतं. भस्माची विद्या तेवढी खरी, बाकी थापा. आपलं पंचांग त्याच्या उशाखाली असतं. चांगला मुहूर्त पाहतो, तेव्हा आपला हेर येणार हे ओळखतो."

रौद्रसेनाने पाण्यातच मान वळवली. कपालगिरीने जोरजोरात नकाराची मान हलवली.

"महाराजांना रोज विजयाचा योग सांगतो," साळुंकी पुढे म्हणाली, "आणि रात्री स्वतःचं गाठोडं बांधून ठेवतो."

"साफ खोटं!" कपालगिरी ओरडला.

सूर्य अजून सुटला नव्हता. मांत्रिकाची विद्या त्या दोन शब्दांबरोबर गेली, पिंजरे फुटले आणि सात धट्टीकट्टी माणसे धपाधप तळ्यात पडली. रौद्रसेन मात्र ग्रहण सुटेपर्यंत बोलला नाही. नियम म्हणजे नियम. मग स्नान करून त्याने दोन हुकूम सोडले. मांत्रिकाला गाठोड्यासकट वेशीबाहेर काढा, आणि तहाची बोलणी लावा.

आठही जण आपल्या नगराच्या वेशीशी आले. राजा आरती घेऊन उभा होता, चौघडा वाजत होता. इतक्यात जोशीबुवा आडवे आले. "थांबा! नगरप्रवेशाला अजून दोन घटका आहेत."

सहा हेर सवयीने थांबले. सुभानरावही थबकला. त्याने बायकोकडे पाहिले. तिचे पाय चालून सोलवटले होते, आणि ती न थांबता तशीच पुढे चालली होती. त्याचे डोळे भरून आले. त्याने पळत जाऊन चारचौघांत तिचा हात धरला.

"बुवा," तो मागे वळून म्हणाला, "आम्ही घरी जातो. मुहूर्ताला म्हणावं, मागून ये."