चिकटपट्टीखालचा सूर

"ओळखा बघू तात्या, हा सूर कुणाचा?"

दिगंबरनं विचारलं आणि मांडीवरचं यंत्र लावलं.

तात्या काही ओळखायला बसले नव्हते. ते तांदूळ निवडत होते. सूर आला, तसा त्यांचा हात सुपातच थांबला.

टेकडीवरच्या देवीचा नगारखाना, आणि त्याला लागून तात्यांची पत्र्याची खोली. चैत्रातली दुपार. खाली देवळात चिटपाखरू नव्हतं.

"बंद कर," तात्या म्हणाले.

दिगंबरनं बंद केलं. म्हातारं रागावलं, असं त्याला वाटलं.

"आता परत लाव."

त्यानं परत लावलं. या वेळी तात्यांनी सूप बाजूला सारलं आणि डोळे मिटले.

"काशा," ते म्हणाले. "काशा हाय ह्यो."

दिगंबर पैज जिंकल्यासारखा हसला. मग त्या हसण्याचं त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

काशिनाथ म्हणजे दिगंबरचे वडील, त्याचे आबा. तात्या या टेकडीची सनई, आणि काशिनाथ तात्यांच्या डाव्या हाताला बसणारा सूर. सनईच्या ताफ्यात एकजण सनई वाजवतो आणि एकजण तसल्याच वाद्यावर नुसता सूर धरतो. एकच स्वर, गाल फुगवून, मध्ये कुठं न तोडता, सनईवाला थांबेपर्यंत. शालनारळ सनईला. सूरवाल्याला चहा, तोही आठवण झाली तर.

काशिनाथनं उभा जन्म सूर धरला. वर्ष झालं, शिमग्याला तो गेला. त्यानंतर तात्यांनी सनई तोंडाला लावली नव्हती, आणि देवीनंही बिचारीनं तक्रार केली नव्हती. देवळात आता मोटारीवर चालणारा नगारा बसवलाय. कळ दाबली की तो बडवत सुटतो.

दिगंबर तात्यांचाच शिष्य. पोरवयात शिकायला बसला, तेव्हा तात्यांनी रिवाजाप्रमाणं त्याला आधी सूर धरायला दिला. त्यानं तो काही दिवस धरला आणि एका सकाळी ताफ्यासमोर खाली ठेवला.

मला सूर नको, सनई द्या, म्हणाला. आबांसारखा जन्मभर एका स्वरावर बसून राहणार नाही मी.

आबा तिथंच बसले होते. ते नुसतं हसले आणि पुन्हा गाल फुगवून सूर धरायला लागले. दिगंबर पुण्याला गेला, मालिकांना संगीत द्यायला लागला, नाव काढलं. बोलायला तो जरा ताठच झाला होता. पण खरं सांगायचं तर माणूस गुणी होता, आणि गुणी माणसाचा ताठा लोक चालवून घेतात.

आता त्या यंत्राविषयी सांगायला हवं. कारण दिगंबरचा त्याच्यावर जीव होता, आणि तो अस्थानी नव्हता.

सिंथेसायझरच तो, पण आत विजेनं खरोखरचा सूर जन्माला घालणारा. कुठल्या तरी नोंदवून ठेवलेल्या आवाजांची भाजी पुन्हा गरम करून वाढणारा नव्हे. हौशी श्रीमंतांकडे असली यंत्रं भिंतभर असतात, सुटे सुटे डबे, त्यांच्यात वायरींचं जंगल, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. हा त्या घराण्यातला धाकटा, खिशाला परवडणारा. मांडीवर मावेल एवढा. पुढं पेटीसारख्या स्वरांच्या पट्ट्या, वर फिरवायच्या बटणांच्या रांगा आणि वायरी खोचायला भोकं. सेमी-मॉड्युलर म्हणतात त्याला.

दुधाची तहान ताकावर, असं एका मित्रानं म्हटलंही होतं. दिगंबरनं त्याला यंत्र ऐकवलं. मित्र उठून गेला आणि पुढच्याच महिन्यात तसंच घेऊन आला. मूर्ती लहान, पण आवाज असा भरलेला, की खालच्या स्वराला खिडकीची काच बोलायला लागते.

त्या यंत्रातून एका संध्याकाळी आबा आले.

झालं ते चुकीनंच. एक वायर भलत्याच भोकात गेली, आणि सुराला बारीक थरथर आली, सनईच्या ओल्या पत्तीतून फुंकर जाते तशी. दिगंबरनं एक बटण किंचित फिरवलं, मग दुसरं… आणि खोलीत आबा बसले होते. गाल फुगवून.

तो रडला. मग त्यानं चिकटपट्टी आणली आणि एकेक बटण जिथं होतं तिथं चिकटवून टाकलं.

तळहातावरच्या फोडासारखं त्यानं ते जपलं. बायकोला फडकं लावायची बंदी. मुलीला त्या खोलीत चेंडू न्यायची बंदी. आज टेकडीवर येतानासुद्धा बायकोनं गाडी बैलगाडीच्या चालीनं हाकली, आणि हा मागच्या सीटवर यंत्र मांडीवर घेऊन, श्वास धरून बसला होता. ती खाली झाडाखाली थांबली होती. मी नाही बाई तुमच्या त्या आबांना हात लावायला येणार, म्हणाली होती.

तात्या आता यंत्राजवळ सरकून बसले. त्यांनी बोट लावलं नाही, नुसते न्याहाळत राहिले. नवीन वासरू बघावं तसं, पुढून, मागून, खालून. ह्या वायरी काढल्या तर काय होतं, त्यांनी विचारलं. दिगंबर म्हणाला, तरीही वाजतं. करणाऱ्यानं सगळं आतून जोडून दिलंय. पण वायर खोचली की त्या जागची आतली जोडणी सुटते आणि वायर म्हणेल तसं होतं.

"आनि वायर काढली की?"

"परत आतलं जुळतं."

तात्या खूश झाले. "म्हंजे शिकवून धाडलंय, पन हट्ट न्हाई. तुझ्यापरीस बरं हाय."

दिगंबरला हसावं लागलं.

"एकच खोट आहे त्यात," तो म्हणाला. "आठवण अजिबात नाही. बटण एकदा हललं की आधीचा सूर गेला. परत तसाच सापडेल याची खात्री नाही."

"म्हनून ह्या पट्ट्या."

"हो."

"कवापास्नं?"

"दिवाळीपासून."

"मग वाजवतूस कवा?"

"वाजवत नाही, तात्या… रोज संध्याकाळी थोडा वेळ ऐकतो, आणि बंद करतो."

तात्यांनी त्याच्याकडं बघितलं.

दिगंबरनं मग मनातलं सांगून टाकलं. हा सूर कायमचा कसा राखायचा, ते विचारायला तो आला होता. रेकॉर्ड करून झालं, पण रेकॉर्ड मेलेलं लागतं. हे यंत्र जिवंत आहे, म्हणून यातले आबा जिवंत लागतात. पण यंत्रच ते, कधी तरी एखादं बटण हलणार. तेव्हा आबा दुसऱ्यांदा जातील, आणि ते मला सोसणार नाही, तो म्हणाला.

तात्या उठले, फळीवरून कापडात गुंडाळलेली सनई काढली आणि पत्ती तोंडात धरून ओली करत बसले.

"लाव," ते म्हणाले.

दिगंबरनं सूर लावला. स्वराची पट्टी दबलेली राहावी म्हणून फटीत काडी खोचली आणि हात काढून घेतला.

तात्यांनी दुपारचा सारंग राग धरला. पहिल्या फुंकरीला सनई फाटली. दुसऱ्या फुंकरीला चालली. आणि मग दुपार जशी असावी तशी झाली. दिगंबर भिंतीला टेकला. आबा वाजत होते, तात्या वाजवत होते. वर्षभरात त्याला एवढं बरं वाटलं नव्हतं.

पत्रा तापला होता. त्याखाली यंत्रही तापलं. पुण्याच्या गार खोलीत थोडा थोडा वेळ लावलेला सूर इथं पहिल्यांदाच इतका लांबला होता.

तो चढला. केसभरच.

दिगंबर ताठ झाला. त्यानं चिकटपट्ट्या बघितल्या, सगळ्या जागच्या जागी होत्या. कुणी हात लावला नव्हता. तरी सूर चढला होता आणि आणखी चढत होता. आता सनई बेसूर होणार, म्हणून त्यानं तात्यांकडं बघितलं.

सनई बेसूर झाली नाही. तात्यांनी डोळे उघडलेसुद्धा नाहीत. सनई त्या सुराबरोबर वर गेली होती.

पण दिगंबरला धीर कुठला. त्यानं एक चिकटपट्टी सोलली आणि बटण उलटं फिरवलं. जास्त फिरलं. त्या पट्टीबरोबर शेजारचं बटणही ओढलं गेलं. ते सावरायला गेला, तर मनगटात वायर अडकून बाहेर आली.

यंत्रातून एक सूर निघत राहिला. चांगला, भरघोस, देखणा. करणाऱ्यानं आतून जोडून दिलेला. पण तो कुणाचाच नव्हता.

तात्या थांबले.

दिगंबरनं वायर परत खोचली. बटणं फिरवली. इकडे फिरवली, तिकडे फिरवली… मग काडी काढली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"गेले, तात्या. आबा गेले."

खाली गाडीचं दार वाजल्याचं ऐकू आलं. तात्यांनी त्याला रडू दिलं. पाठीवर हात वगैरे फिरवला नाही. तशी त्यांची रीतच नव्हती.

मग त्यांनी विचारलं, "कुठला काशा हुता रं त्यो?"

दिगंबरला समजलं नाही.

तात्यांनी सांगितलं, की काशाच्या वाद्याची पत्ती चार-दोन आठवड्यांत बदलायची, आणि नवी पत्ती म्हणजे नवा सूर. पहाटेच्या चौघड्याला काशा खरखरीत लागायचा, चहा पोटात गेला की गुळगुळीत. पावसाळ्यात जड. तुझी आई गेली त्या महिन्यात तर त्याचा सूर असा लागायचा, की मलाच सनई आवरती घ्यावी लागायची. यातला कुठला धरून ठेवला होतास?

दिगंबरला वाटत होतं, आबांचा एकच सूर होता.

"आनि एक सांगतो," तात्या म्हणाले. "कुनाला सांगितलं न्हाई. सनई रंगात आली, का मी चढतो. सुरापरीस केसभर वर जातो. माझी खोड हाय ती, पयल्यापास्नं."

"कधी जाणवलं नाही, तात्या. कुणालाच नाही."

"कसं जानवंल? काशा माझ्या मागनं चढायचा. लोक म्हनायचे, काशा सूर धरून बसलाय. त्यो मला धरून बसला हुता, लेका." तात्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि ते लपवलंही नाही. "आज तुझं यंत्र चढलं. म्हटलं, आज आपुन जावं त्याच्या मागनं."

दिगंबर खाली मान घालून बसला. ताफ्यासमोर सूर खाली ठेवलेली सकाळ त्याला दिसत होती, आणि आबांचं ते हसणं. त्याला लाज वाटली. पण ही लाज निराळी होती. तिच्यात आबा जवळ आल्यासारखे वाटत होते.

मग तो उरलेल्या चिकटपट्ट्या सोलायला लागला. एकेक पट्टी निघाली, तसतशी बटणं मोकळी झाली. यंत्र पहिल्या दिवशी खोक्यातून काढलं होतं तसं दिसायला लागलं. दिवाळीपासून त्यानं ते असं बघितलंच नव्हतं. किती सुंदर वस्तू आहे ही, असं त्याच्या मनात आलं.

तात्यांनी सनई उचलली.

"चल. सूर धर."

दिगंबरनं स्वराच्या पट्टीवर बोट ठेवलं. या वेळी काडी खोचली नाही. दुसरा हात बटणावर गेला आणि तिथंच अडला.

"कुठला धरू, तात्या?" तो म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत. आधी सूर लागतो, मग सनई सुरू होते."

तात्यांनी पत्ती ओठात घेतली. मग बोलायला पुन्हा काढली.

"मी सुरू करतो. तू मागनं ये."