नाबर सरांची राहिलेली निराशा

दातांच्या डॉक्टर मृदुला केळुसकर लहानपणापासून ‘सात चंद्रांचं बेट’ या जुन्या अद्भुत कादंबरीची थोरवी ऐकत आल्या होत्या. वाचायची मात्र राहून गेली होती. यंदा तिच्यावर सिनेमा आला, तेव्हा त्यांनी आधी कादंबरी वाचली, मग सिनेमा पाहिला. दोन्हींनी निराशा केली. आवडावी अशी फार इच्छा होती, म्हणून हळहळ जास्त.

गावच्या वाचनालयातल्या चर्चेत त्यांनी हे सरळ सांगून टाकलं. अध्यक्ष होते प्राचार्य नाबर. ते भडकले.

“बाई, तुम्ही ती वाचलेलीच नाही! कबूल करा आणि शब्द मागे घ्या. नाहीतर पुन्हा चर्चेला येऊ नका.”

मृदुलाताई शांतपणे म्हणाल्या, “मागे घेईन, सर. आधी एवढं समजावून सांगा. शेवटी तो बोलणारा घोडा राजकन्येसाठी प्राण देतो, ते मला पटलंच नाही.”

नाबरांनी डोळे मिटले. “अहो, तोच तर कादंबरीचा कळस! ते पान मी कितीदा वाचलंय!”

“सर, कादंबरीत घोडाच नाही. तो सिनेमावाल्यांनी घातलाय.”

ग्रंथपालांनी हळूच होकारार्थी मान हलवली. नाबरांनी पाण्याचा पेला जवळ ओढला.

“माझी दोन्हींकडून निराशा झाली,” मृदुलाताई म्हणाल्या. “तुमची कादंबरीकडून अजून व्हायची आहे.”

हशा उसळला. सगळ्यांत उशिरा, पण नाबरही हसले आणि जाताना कादंबरी काखोटीला मारून घेऊन गेले.